आई-बाबा, यंदा दिवाळीला येत नाहीये

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर तुम्ही दोघं स्पीकरवर असता आणि आईचा आवाज जरा बारीक झाला की माझं पुढचं बोलणं राहूनच जातं, म्हणून लिहितेय. यंदा दिवाळीला मी येत नाहीये. ठरलंय तसं. रागावू नका, आधी पूर्ण वाचा.

आमच्या क्वायरचं, म्हणजे एकत्र गाणाऱ्या आमच्या मंडळींचं, रेकॉर्डिंग नेमकं त्याच आठवड्यात आलंय. चर्च रात्रीचं मोकळं मिळायला हवं, रेकॉर्डिंगवाले, कंडक्टर, सगळ्यांच्या तारखा जुळल्या त्या ह्याच. आठ आवाजांचं काम आहे, आमच्या खालच्या अल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीच्या आवाजात, आम्ही मोजक्याच जणी, त्यातली एक गेली की तो सूरच पोकळ वाटायला लागतो. मी नाही म्हटलं असतं तर चाललं असतं असं नाहीये हो.

बाबा, तुम्ही विचारलंत ना, एवढं कोणाचं गाणं आहे. योझेफ र्‍हाइनबर्गर. १८३९ चा जन्म, लिख्टेनस्टाईन म्हणून चिमुकला देश आहे तिथल्या फादुत्सचा. सातव्या वर्षी गावच्या चर्चमधे ऑर्गन वाजवायला लागला आणि बाराव्या वर्षी म्युनिकला शिकायला आला तो इथलाच झाला. बारा वर्षांचं पोर गं आई, मी तर निदान नोकरी लागल्यावर आले. पुढे इतका मोठा शिक्षक झाला की अमेरिकेतून मुलं त्याच्याकडे शिकायला यायची.

आम्ही गातोय ती त्याची १८७८ ची मिस्सा, आपल्या शेजारच्या वसईच्या मावशी रविवारी जायच्या ना, तीच मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, शब्द ठरलेले, चाल ज्याची त्याची. ह्याने ती दोन क्वायरसाठी बांधलीये, चार आवाज डावीकडे चार उजवीकडे, साथीला ऑर्गनसुद्धा नाही. त्या काळी सेसिलियन म्हणून सुधारणावाले होते, त्यांचं म्हणणं चर्चमधे सोळाव्या शतकातल्या पालेस्त्रीना ह्या संगीतकाराच्या वळणाचं सोवळं संगीतच शोभतं. र्‍हाइनबर्गरने जुन्या व्हेनिसची दोन क्वायरची पद्धत घेतली, रंग मात्र स्वतःच्या काळाचे भरले, आणि अर्पण केली थेट नव्या पोपला, तेराव्या लिओला. मला हे फार आवडतं, वाद घालत बसला नाही, लिहून दाखवलं.

१९०१ ला तो गेला आणि लोकांची आवड बदलली. ऑर्गनवाल्यांनी त्याचे वीस सोनाटा, म्हणजे नुसत्या वाद्यासाठीच्या रचना, जपले, क्वायरवाले त्याचं एक संध्याकाळचं गीत तेवढं गातात, बाकीच्या मिस्सा वर्षानुवर्षं कपाटात. इथली त्याची कबरसुद्धा युद्धात उद्ध्वस्त झाली, मग युद्धानंतर त्याला परत फादुत्सला नेलं. इतक्या सुंदर गाण्याला आपला आवाज लागतोय, तर मला ते करायचंच आहे.

मधे एकदा आमचं ट्रायल रेकॉर्डिंग झालं. जमीन करकरते म्हणून सगळे बूट काढून लोकरीच्या मोज्यांवर उभे, पान उलटायचं तेही कागदाचा आवाज न करता, आणि शेवटचा सूर सोडला की वर छतात घुमणारा आवाज पूर्ण विरेपर्यंत कोणी हलायचं नाही. बाहेरून ट्राम गेली की सगळं परत पहिल्यापासून. शिवाय साथ नसली की सूर हळूहळू उतरत जातो, बाबा, तुमच्या भजनी मंडळात पेटीवाले काका आले नाहीत की व्हायचं तसंच. तेव्हा तुम्ही मला मांडीवर घेऊन कानात सा धरून ठेवायचात, तो मला अजून उपयोगी पडतोय.

ते संध्याकाळचं गीत त्याने पंधराव्या वर्षी लिहिलं, शब्द बायबलातले, आमच्यापाशी थांब, संध्याकाळ होत आलीये. तेही घेतलंय आम्ही. ते गाताना मला आपली ओसरी आठवते, आई दिवा लावून दारात बघत उभी असायची, आणि मी क्लासवरून आले की हात न धुताच तिच्या पदरात. खूप आठवण येते गं.

माझी काळजी करू नका. घरात हीटर आहे, वरण-भात रोज होतो, उटणं मागच्या वर्षीचं आहे ते लावीन, रेकॉर्डिंगनंतर रात्री घरी सोडायला एक मैत्रीण गाडीने येते. दादा-वहिनी चार दिवस तुमच्याकडेच आहेत, भाऊबीजेला ओवाळायला सोनी येईल, मी व्हिडिओवर असेन.

आता ऐका. बाबांनी आकाशकंदील काढायला माळ्यावर चढायचं नाही, त्या वर्षीचं पुरे झालं. आईने चकल्या विकत आणायच्या, गुडघ्यांवर भार देत तासन्‌तास गॅससमोर उभं राहायचं नाही. बीपीची गोळी सणाला सुद्धा घ्यायची. पहाटे गीझर लावल्याशिवाय आंघोळ नको. आणि बाबांच्या मोतीबिंदूची तारीख डिसेंबरचीच घ्या, मी येतेय, रजा मंजूर झालीये, डोळ्यांत थेंब मीच घालणार. आधी करून टाकू वगैरे आपसात ठरवायचं नाही.

पत्र वाचून लगेच फोन करू नका, आधी दोघं जेवून घ्या.

तुमची,
मनू