रावीचं टेनिस

इंदूर

प्रिय संजू,

रावीला टेनिसला कधी घालायचं, हे तू लिहिलंस आणि परवा वहिनींनीही फोनवर विचारलं. सहावं लागलंय ना? मग घाल. सानिया मिर्झानेही सहाव्या वर्षीच सुरुवात केली होती. पण तिच्या हातात कोणता चेंडू देतात, ते आधी बघून ये.

नेहमीचा पिवळा चेंडू २५४ सेंटिमीटरवरून सोडला तर निदान १३५ सेंटिमीटर उसळावा, असा नियमच आहे. रावी तेवढी उंच तरी आहे का? मग पोरं खांद्याच्या वर हात नेऊन कसाबसा फटका मारतात, पकड बिघडते आणि ती मोडता मोडत नाही. म्हणून तर आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांतून तो चेंडू काढून टाकला. सुरुवात लाल चेंडूने: पिवळ्याहून ७५ टक्के मंद, कोर्ट अकराएक मीटरचं, नेट ८० सेंटिमीटर. पुढे ऑरेंज, कोर्ट १८ मीटर. नवव्या-दहाव्या वर्षी हिरवा, तो पूर्ण २३.७७ मीटरवर. रॅकेट २१ इंची घे. पुढे होईल म्हणून मोठी घ्यायला ती काही शाळेचा युनिफॉर्म नाही.

आमची पुतणी रामबागेतल्या घराच्या अंगणात दोन खुर्च्यांना दोरी बांधून खेळते. आजोबा रोज बजावतात, सी. के. नायडूंच्या गावात मुलांच्या हातात बॅट हवी! ती ऐकत नाही. इथे एका ठिकाणी तिला घातलं होतं. तासभर रांगेत उभं राहायचं आणि वाट्याला जेमतेम चार चेंडू. काढलं तिथून. तुमच्या पुण्यातही कोचचं नाव नंतर विचार, आधी मुलं किती वेळ नुसती उभी असतात ते बघ.

आणि एवढ्यात फक्त टेनिस नको. पोहू दे, खो-खो खेळू दे. फेडररसुद्धा बारा वर्षांचा होईपर्यंत फुटबॉल खेळत होता. उलट जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये चौदाही पूर्ण नसताना व्यावसायिक झाली, पुढे तिचं काय झालं ते तुला ठाऊक आहे: विशीच्या आतच खेळाला कंटाळून काही काळ तो सोडून बसली. नंतर महिला टेनिसमध्ये वयाचे नियम कडक केले ते उगीच नाही. खेळाचे आठवड्याचे तास वयाच्या आकड्यावर जाऊ नयेत, असं डॉक्टर सांगतात. रावीला तर दोन-तीनच पुरेत.

सुट्टीत इकडे याल तेव्हा चेंडू आणू नका, लाल चेंडू घरात पडलेत. बूट मात्र टेनिसचेच आण. धावण्याच्या बुटांत बाजूला पळताना पाय मुरगळतो.

वहिनींना नमस्कार, रावीला गोड पापा.

तुझा,
अव्या