कयाकला मोटर बसवण्यापूर्वी

माननीय संपादक,

मासेमारीच्या छोट्या कयाकला, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीला, विजेची मोटर बसवण्याची चर्चा बहुधा वेगावरच थांबते. धोका मात्र वजनात आणि तारांत असतो, म्हणून हे पत्र.

माणूस, सामान, मोटर आणि बॅटरी यांची बेरीज कयाकच्या कमाल भारक्षमतेच्या बरीच आत हवी. मोटर मागे असेल तर बॅटरी पुढच्या बाजूस, तळाशी आणि पट्ट्याने घट्ट बांधलेली असावी, कारण कयाक कलू लागताच सुटी बॅटरी त्याच बाजूला घसरते.

१२ व्होल्टची, ३० पौंड रेट्याची मोटर पूर्ण वेगात सुमारे ३० अँपिअर प्रवाह घेते, तर शॉर्टसर्किट झाल्यास बॅटरी क्षणार्धात शेकडो अँपिअर सोडू शकते. म्हणून पुरेशा जाडीची तार वापरावी आणि फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून बसवावा. तो मोटरपाशी बसवला तर मधली सगळी तार असुरक्षित राहते. हौशी जोडणीत नेमके हेच सुटते, आणि विक्रेतेही क्वचितच सांगतात असे माझे मत आहे.

५० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे पूर्ण वेगात जेमतेम पाऊण तास मिळतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग, पण बरीच हलकी असते.

वल्हे आणि जीवरक्षक जाकीट तर हवेच. शिवाय मोटर बंद करणाऱ्या स्विचची दोरी अंगाला अडकवलेली असावी. अन्यथा माणूस पाण्यात पडला तरी कयाक पुढे निघून जाते.

आपला,
एक वाचक