वार्तापत्रासाठी बातम्या पाठवताना

सर्व माजी विद्यार्थ्यांना सूचना : बढती, पुरस्कार, लग्न, बाळाचा जन्म, निवृत्ती, निधन यांपैकी काहीही कळवताना आधी पूर्ण नाव, विभाग आणि उत्तीर्ण झाल्याचे वर्ष लिहा. प्रवेशाचे वर्ष नको, बॅच चुकते ती त्यामुळेच. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनी पदवीवरचे नावही द्यावे, नाहीतर जुन्या यादीत शोध लागत नाही.

विद्यापीठाचे नाव पदवीवर असेल तेच लिहा. २०१४ आधीच्या पदव्यांवर ‘पुणे विद्यापीठ’ आहे, ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ हे नाव त्यानंतरचे.

नुसता प्रबंध सादर केला म्हणजे पीएचडी नव्हे. मौखिक परीक्षा होऊन विद्यापीठाची अधिसूचना निघाली की कळवा, आम्हाला ‘डॉ.’ लिहायला आनंदच आहे. पद्म पुरस्कार मात्र नावाआधी लावू नका. ती पदवी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, एरवी तो आकसतो आणि छपाईत फुटतो. २ इंच रुंदीसाठी किमान ६०० पिक्सेल लागतात.

निधनाची बातमी घरच्यांशी बोलल्याशिवाय, केवळ फॉरवर्डवरून कृपया पाठवू नका.