खाणी आणि चाकोऱ्या नदीपर्यंत नकोत

संपादक महोदय,

नदी वाचवण्याची चर्चा बहुतेकदा धरणे आणि सांडपाण्यापाशीच थांबते. उगमाकडच्या रानात काय चालते, तिकडे कोणी बघत नाही. अमेरिकेने १९६८ मध्ये मोकळ्या वाहणाऱ्या नद्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. सुरुवातीला त्यात आठच नद्या होत्या, आज दोनशेहून अधिक आहेत. तरी तिथल्या एकूण नदी-लांबीचा एक टक्काही भाग त्यात येत नाही. ‘वन्य’ ठरलेल्या पट्ट्यात काठापासून पाव मैलापर्यंत खाणींचे नवे दावे (म्हणजे सरकारी जमिनीतले खनिज काढण्याचा हक्क सांगणे) करता येत नाहीत. जुने वैध दावे मात्र कायम राहतात. आणि ते कुठल्या कायद्याचे? १८७२ च्या! सोने-तांब्यासारख्या खनिजांवर त्यात केंद्र सरकारला रॉयल्टी द्यावी लागत नाही. कुदळ-फावडे घेऊन आलेल्यांसाठीची ही सवलत आज अवजड यंत्रे उपभोगत आहेत.

आडरानात गाड्या पिटाळण्याची हौस त्यामानाने निरुपद्रवी वाटते. पण चाकांखाली दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही. ते चाकोरीतूनच धावते, गाळ नदीत नेते आणि तळाच्या खडीतली सॅमन माशांची अंडी गुदमरतात. अशा वाहनांना ठरावीक मार्गांवरच ठेवावे, असा आदेश राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७२ मध्येच काढला होता (तोही मोटारींच्या देशात). पण नकाशावर रेघ ओढणे सोपे, रानात पहारा कोण देणार? म्हणून नदीकाठी येणारे असे रस्ते बंदच करावेत, आणि वर्षानुवर्षे नुसते धरून ठेवलेले खाणदावे रद्द करावेत.

– एक वाचक