फेरेटला मुंगूस म्हणू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत युरोपातल्या सशांच्या पारंपरिक शिकारीवर लेख आला आहे. मराठीत हा विषय क्वचितच येतो, म्हणून लेख वाचायला घेतला तेव्हा बरे वाटले. पण सशांना बाहेर हुसकायला बिळात सोडतात त्या फेरेट नावाच्या पाळीव प्राण्याचे लेखकाने सरसकट ‘मुंगूस’ केले आहे, आणि शेवटी तर वडोद्याजवळच्या पादरा-वाघोडियाकडच्या शेतकऱ्यांनी मुंगसे पाळून ती बिळात सोडावीत, म्हणजे ससे आटोक्यात येतील, असा सल्लाही दिला आहे. या सल्ल्यात मुंगूस चुकले, ससा चुकला, आणि कायदाही चुकला.

आधी ससा. मराठीत दोन वेगळ्या प्राण्यांना आपण एकाच नावाने हाक मारतो आणि घोळ तिथेच होतो. आपला काळ्या मानेचा रानससा बीळ खणत नाही. गवतात, झुडपाच्या बुडाशी अंगाच्या मापाचा खोलगा करून तो दबून बसतो आणि माणूस अगदी पायाशी आला की उसळून पळतो. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ असतात, डोळे उघडे असतात. फेरेट ज्याच्या मागे सोडतात तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालचा. तो जमिनीखाली बिळांची वसाहत करून राहतो, त्याची पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मतात. बाजारात पिंजऱ्यात विकायला ठेवलेले पांढरे ससे त्याच्याच वंशाचे. वडोद्याच्या शिवारात रानसशाचे बीळच नाही, मग मुंगूस सोडायचे कुठे?

आता फेरेट. हा युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानप्राण्याचा माणसाळलेला अवतार. त्याचे कूळ पाणमांजराचे. मुंगूस मांजर-तरसांच्या बाजूला पडते. लांबट अंग आणि आखूड पाय एवढेच दोघांत सारखे. फेरेट हे नाव लॅटिनमधल्या ‘छोटा चोर’ अशा अर्थाच्या शब्दावरून आले, आपल्या कांडेचोराची आठवण व्हावी असे. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने स्पेनच्या वर्णनात मुसके बांधलेले असे प्राणी बिळात सोडण्याची पद्धत नोंदवली आहे, तेव्हा ही इंग्रजांनी शोधून काढलेली करमणूक नव्हे. इंग्लंडात तर चौदाव्या शतकाच्या अखेरीस, दुसऱ्या रिचर्डच्या काळात, वर्षाला ४० शिलिंगांपेक्षा कमी उत्पन्नाची जमीन असलेल्या माणसाने फेरेट किंवा जाळी बाळगू नयेत असा कायदा झाला होता. गरिबाच्या हातात ही विद्या नको होती, म्हणजेच ती चांगली चालत होती.

लेखातल्या ‘बिळावर जाळे टाकतात’ या तीन शब्दांत सगळे कसब गडप झाले आहे. हे जाळे म्हणजे आजीचा बटवा. लांबी साडेतीन-चार फूट, आस, म्हणजे विणीतले भोक, सुमारे दोन इंची, दोन्ही टोकांना एकेक कडी, आणि कडेच्या आसांतून ओवून कड्यांतून बाहेर काढलेली दोरी. दोरीचे टोक वीतभर लाकडी खुंटीला. लावताना एक कडी बिळाच्या तोंडाच्या तळाशी खोचायची, दुसरी, खुंटीकडची, वरच्या अंगाला ठेवायची, आणि खुंटी मागे सरकवून घट्ट मातीत रोवायची. जाळे तोंडावर सैलसर पसरलेले हवे. ससा आतून भरधाव येतो, जाळ्यात डोके घालतो, जाळे त्याच्याबरोबर पुढे जाते, खुंटी दोरीला धरून ठेवते आणि बटव्याचे तोंड त्याच्या मागे मिटते. माणसाने काहीच ओढायचे नसते. सशाचाच वेग त्याला बांधतो.

फसते ते क्षुल्लक गोष्टींनी. खुंटी सैल राहिली तर ससा जाळ्यासकट पसार होतो. जाळे तबल्याच्या चामड्यासारखे ताणले तर तो आदळून परत आत वळतो, आणि एकदा वळलेला ससा सहजासहजी पुन्हा बाहेर येत नाही. एक काटकी दोरीत अडकली की कडी सरकत नाही, तोंड अर्धे उघडे राहते. म्हणून जाळे पसरण्याआधी बिळापुढचा पालापाचोळा हाताने, आवाज न करता बाजूला करायचा. सगळ्यात महाग पडते ते न दिसलेले भोक. वसाहतीपासून चार-सहा फुटांवर, गवताने झाकलेली एखादी पळवाट असतेच, आणि नेमके तिथूनच ससे निसटतात. जाळी नेहमी मोजलेल्या भोकांपेक्षा जास्त न्यावीत. एक ससा अडकला की त्याला सोडवत बसण्याआधी त्या तोंडावर दुसरे जाळे लावावे लागते, कारण पाठोपाठ दुसरा येऊ शकतो.

जाळे पूर्वी भांगेच्या वाखाचे असे. त्याला वजन असते, ते जमिनीवर नीट निजते. पण ओले झाले की जड होते, आणि न वाळवता गुंडाळले की कुजते. नायलॉन कुजत नाही, मात्र ते उसळते आणि गुंतते. त्या काळी विलायतेत मासेमारीची जाळी कुजू नयेत म्हणून ज्या कातात बुडवत, तो कात हिंदुस्थानातून आणि ब्रह्मदेशातून जात असे. पानात घालतो तोच. जाळ्याची घडीही ठरलेली: दोन्ही कड्या एकत्र धरून जाळे लोंबू द्यायचे, मग खुंटीची दोरी मध्यावर गुंडाळून तिच्यातच खुंटी खोचायची. एका झटक्यात उलगडते. कशीबशी कोंबलेली जाळी अंधाऱ्या सकाळी, गारठलेल्या बोटांनी सोडवत बसणे म्हणजे दिवस गेला.

बिळे काटेरी झुडपांत असली, सगळी तोंडे हाताशी येत नसली, की लांब जाळे लावतात. आपल्या जुन्या शब्दांत ही वाघूर. ती २५, ५० किंवा १०० यार्डांची असते, काठ्यांवर उभी करतात, आणि मुद्दाम ढिली सोडतात, म्हणजे ससा झोळात गुरफटतो. ताठ वाघूर त्याला परत फेकते.

हंगाम ऑक्टोबर ते मार्च. पानगळ झाल्यावर भोके दिसतात आणि बिळात पिल्ले सहसा नसतात. पिल्ले असली की फेरेट त्यांनाच मारून तिथेच मुक्काम ठोकतो. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने, न बोलता जायचे. एका सशाने मागचा पाय आपटला की सगळ्या वसाहतीला इशारा जातो.

बिळात बहुधा मादी सोडतात, कारण ती लहान, पाऊण किलोच्या आसपास. नर त्याच्या दुपटीपर्यंत जातो. फेरेटला उपाशी ठेवू नये आणि पोटभर खाऊही घालू नये. उपाशी असला तर ससा मारून तिथेच खातो आणि झोपतो, तुडुंब असला तर आधीच झोपतो. जुने लोक दूध-पाव खायला घालत. ही चुकीची चाल. फेरेट पक्का मांसाहारी, त्याच्या आतड्यातून अन्न तीन-चार तासांत पुढे जाते. दूध-पावावर तो रोडावतो.

मादी आत गेली आणि बाहेर येईना, तर लांब दोरी बांधलेला नर मागोमाग सोडत. दोरीला प्रत्येक यार्डावर गाठ असे, त्या मोजून किती आत गेला ते कळे, मग अरुंद पात्याच्या लांब फावड्याने खणायचे. आज गळपट्ट्यातले छोटे ट्रान्समीटर आणि वर धरायचे यंत्र जागाही सांगते आणि खोलीही. फेरेट आत सोडण्यापूर्वी बॅटरी तपासायची, नंतर नाही. फेरेट बाहेर आल्यावर त्याच्या पुढच्या नखांकडे बघावे: नखांत सशाचे केस अडकलेले असले तर समजावे, बंद टोकाला ससा पाठ करून बसला आहे आणि फेरेट त्याची पाठ खरवडून दमला आहे. तिथे खणण्याला अर्थ असतो. आणखी एक, फेरेट तोंडाशी येऊन डोकावू लागला की झडप घालू नये. एकदा हात मारला की तो पुढच्या वेळी तोंडापर्यंत येतो आणि मागे सरतो, आणि ही खोड जात नाही. तो पूर्ण बाहेर येऊ द्यावा, मग खांद्यामागून उचलावा. नाहीच आला, तर इतर भोके बुजवून एका तोंडाशी गवत घातलेली त्याची पेटी ठेवतात. सकाळी बहुधा त्यात झोपलेला सापडतो. लेखात कौतुकाने सांगितलेले मुसके मात्र केव्हाच मोडीत निघाले. मुसके बांधलेला फेरेट आत हरवला तर भुकेने मरतो, आणि उंदरांपुढेही हतबल असतो.

राहिला प्रश्न वडोद्याचा. फेरेटला तिशीपलीकडचे तापमान सोसत नाही, त्याला उष्माघात होतो. आपल्या मे महिन्यात तो कूलरपुढेही सुखी राहणार नाही. माणसाचा फ्लू त्याला लागतो. १९३३ साली लंडनमध्ये या रोगाचा विषाणू सापडला तो फेरेटांच्या आधारेच. मादीची वेळेवर सोय केली नाही तर ती माजावरच राहते आणि पंडुरोगाने दगावू शकते. सुटून रानात गेलेल्या फेरेटांचा अनुभव न्यूझीलंडकडे आहे. १८८०च्या दशकात सशांवर उतारा म्हणून त्यांनी ते आणले, फेरेटांनी न उडणारे पक्षी खाल्ले, आणि २००२ पासून तिथे फेरेट विकायला आणि पैदास करायला बंदी आहे. मुंगसाचाही प्रयोग होऊन गेला आहे: १८७२ साली ती इथून जमैकात उंदरांवर नेली, आणि तिथले पक्षी-सरपटणारे प्राणी त्यांच्या तोंडी गेले.

रानससा आणि मुंगूस दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. एकाला मारणे आणि दुसऱ्याला पाळणे, दोन्ही गुन्हे. तेव्हा लेखातला सल्ला कोणी मनावर घेऊ नये. पादऱ्याकडे शेतकऱ्याची झोप उडवतात ते रोझ, म्हणजे नीलगाई, आणि डुकरे. ससा कुरतडतो ती कोवळी रोपे. रोपवाटिकेला तीन फुटी तारेची जाळी पुरते. इंग्लंडात बिळकऱ्या सशासाठी ३१ मिलिमीटर भोकांची जाळी लावतात आणि तिचा खालचा १५ सेंटिमीटर भाग सशाच्या बाजूला दुमडून जमिनीवर अंथरतात, म्हणजे तो पायथ्याशी खणू शकत नाही. आपला ससा खणत नसल्याने दुमड नसली तरी चालेल, फक्त बुडाशी फट राहू नये.

पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती छापावी: प्राणी फेरेट आहे, आणि लेखातला ससा आपला नाही.

आपला,
एक वाचक
दांडिया बाजार, वडोदरा