हजार पौंडांचा खेळाडू आणि चार पौंडांचा पगार

‘खेळाडूंचा बाजार’ हा रविवारच्या अंकातील लेख वाचला. फुटबॉलमधील खरेदी-विक्रीच्या अवाढव्य आकड्यांबद्दलची लेखकाची चीड समजते. पण पूर्वी हा खेळ पैशापासून दूर होता, हे त्यांचे म्हणणे पटत नाही.

आल्फ कॉमन या इंग्लिश आघाडीपटूचेच पाहा. 1904 मध्ये संडरलँडने त्याला 520 पौंडांना घेतले आणि फेब्रुवारी 1905 मध्ये मिडल्सब्रोला 1,000 पौंडांना विकले. हजारी गाठणारा हा पहिलाच सौदा, त्यामुळे तेव्हाच्या वृत्तपत्रांनीही आजच्यासारखीच आगपाखड केली होती. मिडल्सब्रो तेव्हा पहिल्या श्रेणीतून खाली घसरण्याच्या बेतात होते. पहिल्याच सामन्यात शेफील्ड युनायटेडविरुद्ध कॉमनने पेनल्टीवर गोल केला, संघ 1-0 ने जिंकला आणि पुढे श्रेणीतही टिकला. क्लबचे पैसे वसूल झाले म्हणायचे!

खेळाडूच्या हाती काय पडले? 1901 पासून आठवड्याला जास्तीत जास्त चार पौंड पगार, असा नियमच होता. म्हणजे वर्षाचे फार तर 208 पौंड. करार संपला तरी क्लबने सोडल्याशिवाय दुसरीकडे खेळता येत नसे. पगारावरची कमाल मर्यादा पूर्णपणे उठली ती 1961 मध्ये. कॉमन मात्र निवृत्तीनंतर डार्लिंग्टनमध्ये मद्यगृह चालवत होता. आजच्या खेळाडूला निदान स्वतःच्या किमतीतला वाटा तरी मिळतो. लेखकाने ही बाजूही मांडायला हवी होती.

– एक वाचक, सांगली