जुन्या संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वैमानिक होण्याची इच्छा बाळगणारी मुले आणि विमानांची मनापासून आवड असलेली मोठी माणसे घरच्या संगणकावर उड्डाणाचे सिम्युलेटर चालवतात, आणि त्यांपैकी पुष्कळांचा संगणक आठ-दहा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला किंवा एखाद्या कार्यालयातून निघालेला रिफर्बिश्ड असतो. त्यावरचे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग, बंद पडले किंवा अपुरे वाटू लागले, की ही मंडळी दुकानात जाऊन ‘फ्लाइट सिम्युलेटर चालेल असे कार्ड द्या’ एवढेच सांगतात. दुकानदार ‘बजेट किती?’ असे विचारतो आणि त्या रकमेत बसेल ते कार्ड पुढे करतो. संगणकात प्रोसेसर कोणता आहे, एसएमपीएस, म्हणजे सर्व भागांना वीज पुरवणारा डबा, किती क्षमतेचा आहे आणि मदरबोर्ड, म्हणजे हे सारे भाग जिला जोडलेले असतात ती मुख्य पाटी, कोणत्या पिढीचा आहे, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. माझ्या मते कार्डाची निवड या तीन प्रश्नांपासूनच सुरू व्हायला हवी. तसे न केल्यामुळे अनेक कुटुंबांचे कष्टाचे पैसे वाया जाताना मी पाहिले आहेत, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, सिम्युलेटर हा इतर खेळांसारखा नसतो. गोळीबाराच्या किंवा मोटारींच्या शर्यतीच्या खेळात बहुतेक भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. उड्डाणाच्या सिम्युलेटरमध्ये मात्र पंखांवरील हवेच्या दाबाचे गणित, हवामान, आकाशातील इतर विमाने, कॉकपिटमधील उपकरणे आणि सतत बदलणारा खालचा भूप्रदेश हे सारे प्रोसेसर सांभाळतो. मायक्रोसॉफ्टचा ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ २००६ साली आला आणि आजही अनेक घरांत तोच चालतो. त्याचे मुख्य काम प्रामुख्याने प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे गणना करणाऱ्या एकाच गाभ्यावर, चालते. अशा संगणकात कितीही महागडे कार्ड बसवले तरी दाट ढगांच्या दृश्यात आणि कडा गुळगुळीत करणाऱ्या सेटिंगमध्ये फरक दिसेल, पण मुंबईसारख्या मोठ्या विमानतळावर उतरताना चित्र जे अडखळते ते तसेच अडखळत राहील. नवे सिम्युलेटर अधिक कोअर वापरतात हे खरे, तरीही त्यांचा वेग बऱ्याचदा एका मुख्य थ्रेडवरच, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चालणाऱ्या कामाच्या साखळीवरच, अडतो.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी घरच्या घरी एक तपासणी करावी. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड चालू केला, की फ्रेम रेटच्या (सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांच्या, म्हणजे फ्रेमच्या, संख्येच्या) चौकटीत अडथळा मेनथ्रेडमुळे, म्हणजे प्रोसेसरमुळे, आहे की जीपीयूमुळे, म्हणजे ग्राफिक्स कार्डामुळे, हे स्पष्ट लिहून येते. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये डेटा आउटपुटच्या यादीतील फ्रेम रेटची ओळ पडद्यावर आणली, तर प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसरने किती वेळ घेतला आणि कार्डाने किती घेतला, हे वेगवेगळे दिसते. जुन्या सिम्युलेटरमध्ये अशी सोय नाही. तेथे रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातील ठिपक्यांची संख्या, बरेच कमी करून तेच विमानतळ, तेच विमान आणि तेच हवामान पुन्हा लावून पाहावे. रिझोल्यूशन कमी करूनही फ्रेम रेट जवळपास तेवढाच राहिला, तर अडचण कार्डात नाही. अशा वेळी रॅम ८ जीबीवरून १६ जीबी करणे, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे, किंवा इतर विमानांची संख्या आणि भूप्रदेशाचा तपशील कमी करणे हे उपाय स्वस्त आणि अधिक उपयोगी ठरतात. कार्ड पूर्णपणे बंदच पडले असेल तर ही तपासणी करता येणार नाही. तेव्हा जुन्या कार्डाच्या तोडीचे किंवा त्याहून एखादी पायरी वरचे कार्ड पुरेसे मानावे.

किती फ्रेम रेट हवा, याविषयीही गैरसमज आहे. सिम्युलेटरसाठी सेकंदाला ३० फ्रेम स्थिरपणे मिळाल्या तर ते पुरेसे आहे. ६० किंवा १४४ च्या मागे लागण्याचे कारण नाही. मात्र खालची मर्यादा महत्त्वाची आहे. एक्स-प्लेनमध्ये फ्रेम रेट सुमारे २० च्या खाली गेला, तर उड्डाणाचे गणित बिघडू नये म्हणून सिम्युलेटरमधला काळच संथ केला जातो. होल्डिंग पॅटर्नचा, म्हणजे पुढे जाण्याची परवानगी मिळेपर्यंत ठरलेल्या मार्गावर घिरट्या घालण्याचा, सराव करणारा विद्यार्थी मनगटावरच्या घड्याळावर एक मिनिटाचा टप्पा मोजत असेल, तर त्याचे विमान तेवढ्या वेळात अपेक्षेपेक्षा कमी अंतर कापते आणि चुकीची वेळ त्याच्या अंगवळणी पडते. घरच्या सिम्युलेटरवरचे तास डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परवान्यासाठी मोजले जात नाहीत, हे पालकांनी जरूर लक्षात ठेवावे. परंतु बारामती किंवा गोंदियासारख्या ठिकाणी प्रशिक्षणाला जाण्यापूर्वी व्हीओआर (दिशा दाखवणारे रेडिओ केंद्र) आणि आयएलएस (धावपट्टीवर उतरण्यास मदत करणारी रेडिओ यंत्रणा) यांची कार्यपद्धती समजून घेण्यासाठी हा सराव मोलाचा आहे, आणि तो नीट व्हावा एवढी क्षमता संगणकात असायलाच हवी.

आता एसएमपीएसविषयी, कारण सर्वांत जास्त नुकसान येथे होते. मदरबोर्डचा स्लॉट, म्हणजे कार्ड बसवण्याची खाच, कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देऊ शकतो. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी जोडणी लागते. सहा पिनांची जोडणी आणखी ७५ वॅटसाठी आणि आठ पिनांची १५० वॅटसाठी असते. आपल्याकडे कॅबिनेटसोबतच मिळणाऱ्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ असे ठळक छापलेले असते, पण पाहायचा असतो तो बाजूच्या तक्त्यातील १२ व्होल्टच्या ओळीतील अँपिअरचा आकडा. त्याला १२ ने गुणले की प्रोसेसर आणि कार्ड या दोघांच्या वाट्याला खरोखर किती वॅट येतात ते कळते, आणि अनेकदा ते छापील आकड्यापेक्षा फारच कमी भरतात. आठ पिनांची जोडणी एसएमपीएसला नसेल, तर हार्ड डिस्कच्या वायरींवरून अडॅप्टर लावून काम भागवू नये. तशा जोडणीत वायर तापून वितळण्याचा धोका असतो. डेल ऑप्टिप्लेक्ससारख्या कार्यालयीन संगणकांत बऱ्याचदा अडीचशे ते तीनशे वॅटचा, कंपनीच्या स्वतःच्या मापाचा एसएमपीएस असतो आणि तो सहजासहजी बदलता येत नाही. शिवाय त्यांच्या अरुंद कॅबिनेटमध्ये कमी उंचीचे, म्हणजे लो प्रोफाइल कार्डच बसते. यूपीएसचाही विचार करावा. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. मोठे कार्ड घातले की मॉनिटरसह एकूण भार त्या मर्यादेजवळ पोहोचतो, आणि बॅटरी जुनी असेल तर वीज जाताच संगणक तत्क्षणी बंद होतो.

स्लॉटबाबतची अडचण अधिक सूक्ष्म आहे आणि ती खोक्यावर ठळकपणे लिहिलेली नसते. कार्डाची पट्टी पूर्ण लांबीची दिसली तरी आतल्या लेन, म्हणजे माहितीची ये-जा होणाऱ्या वाटा, कमी असू शकतात. जानेवारी २०२२ मध्ये आलेली एएमडी कंपनीची आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी ही कार्डे फक्त चार लेनची आहेत. मदरबोर्डवरील चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस प्रकारच्या स्लॉटवर चार लेनमधून सेकंदाला सुमारे ८ जीबी माहिती जाते. तेच कार्ड तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर बसवले की ४ जीबी आणि दुसऱ्या पिढीच्या बोर्डवर केवळ २ जीबी. या दोन्ही कार्डांचे सर्वसाधारण मॉडेल ४ जीबी मेमरीचे आहे. विमान पुढे सरकते तसे सिम्युलेटर नवनवीन भूप्रदेश आणत असतो. कार्डाची मेमरी भरली, की उरलेले चित्र त्याच अरुंद वाटेने मुख्य रॅममधून आणावे लागते आणि नेमके विमानतळाजवळ येताना झटके बसू लागतात. एएमडीच्याच आठ लेनच्या आरएक्स ६६०० ला आणि एनव्हिडिया कंपनीच्या सोळा लेनच्या जीटीएक्स १६५० ला हा त्रास बराच कमी होतो. इंटेलच्या आर्क मालिकेतील कार्डांसाठी मदरबोर्डमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय असावी लागते. ती जुन्या बोर्डांवर सहसा नसते आणि तिच्याविना या कार्डांचा वेग लक्षणीयरीत्या घटतो, म्हणून जुन्या संगणकासाठी ती घेऊ नयेत. २०११ च्या सुमाराचा, यूईएफआय (संगणक सुरू करणारी नवी अंतर्गत प्रणाली) नसलेला बोर्ड असेल तर नवे कार्ड लावल्यावर पडद्यावर काहीच न उमटण्याची शक्यता असते. दुकानदाराने ग्राहकाच्याच बोर्डवर ते चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आणखी एका कार्डाबद्दल स्पष्टपणे लिहिले पाहिजे. ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ म्हणून एनव्हिडियाचे जीटी ७३० आजही विकले जाते, आणि आकडा मोठा व किंमत कमी पाहून पालक ते आनंदाने घेतात. मेमरीचे आकारमान आणि तिचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ६४ बिटच्या डीडीआर३ मेमरीचे जीटी ७३० सेकंदाला १५ जीबीसुद्धा माहिती हाताळू शकत नाही. जीडीडीआर५ मेमरीचे जीटीएक्स १६५० त्याच वेळात १२८ जीबी हाताळते. शिवाय एक्स-प्लेन १२ ला व्हल्कन १.३ (सिम्युलेटरने कार्डाकडून चित्र काढून घेण्याची पद्धत) लागते, ते या जुन्या पिढीच्या कार्डांना मिळत नाही. एनव्हिडियाने या कार्डाच्या केप्लर पिढीसाठी नवे गेम रेडी ड्रायव्हर, म्हणजे नव्या खेळांसाठी कार्ड चालवणारे प्रोग्रॅम, देणे २०२१ मध्येच थांबवले आहे. जीटी ७३० फार तर मॉनिटरवर चित्र आणण्यापुरते ठीक आहे, सिम्युलेटरसाठी ते विकणे योग्य नाही.

मग घ्यावे काय? ते सिम्युलेटरवर अवलंबून आहे. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट आवृत्तीची किमान अपेक्षा इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५-४४६० प्रोसेसर, जीटीएक्स ७७० आणि ८ जीबी रॅम अशी आहे, तर शिफारस जीटीएक्स ९७० आणि १६ जीबी रॅमची आहे. २०२४ च्या आवृत्तीने मात्र जीटीएक्स ९७० आणि १६ जीबी हीच किमान पातळी केली, त्यामुळे चौथ्या पिढीच्या इंटेल संगणकावर तिच्यासाठी खर्च करू नये, असे मी ठामपणे सांगेन. अशा संगणकात मूळचाच लहान एसएमपीएस असेल, तर वेगळी वीजजोडणी न लागणारे जीटीएक्स १६५० किंवा ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० ही सर्वांत समंजस निवड आहे. आरटीएक्स ३०५० चे हे मॉडेल ७० वॅटमध्ये चालते. १६५० च्या काही मॉडेलांना सहा पिनांची जोडणी लागते, ते आधी पाहून घ्यावे. चांगल्या कंपनीचा ५०० वॅटचा एसएमपीएस असेल तर ८ जीबीचे, १३२ वॅटचे आरएक्स ६६०० घ्यावे. एक्स-प्लेन चालवणाऱ्यांना एएमडीचे कार्ड घेऊ नका, असा सल्ला पूर्वी दिला जाई. तो ओपनजीएल या व्हल्कनपूर्वीच्या पद्धतीच्या काळातला आहे. २०२० मध्ये ११.५० आवृत्तीपासून एक्स-प्लेन व्हल्कनवर आल्यावर त्या सल्ल्याला पूर्वीसारखा आधार उरलेला नाही. एकटा ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ चालवणाऱ्याला तर १६५० च्या वर जाण्याचे कारणच नाही.

सेकंडहँड बाजारात ६ जीबीचे जीटीएक्स १०६० आणि ८ जीबीचे आरएक्स ५८० अजून भरपूर दिसतात आणि त्यांची ताकद या कामाला पुरेशी आहे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवरचे मायनिंग (गणिते सोडवून चलन मिळवणे) बंद झाले आणि दिवसरात्र राबवलेली कार्डे जगभर विक्रीला आली, त्यांतली काही आपल्याकडेही फिरत आहेत. पंख्याचा आवाज ऐकावा आणि दुकानातच अर्धा तास भार देऊन तापमान पाहावे. जुन्या चिपवर बायोस, म्हणजे कार्डाची ओळख सांगणारा अंतर्गत प्रोग्रॅम, बदलून तिला जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकण्याचे प्रकारही घडले आहेत. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम अशा अनेक बनावट कार्डांवर ‘फेक’ अशी खूण दाखवतो, म्हणून तो पेन ड्राइव्हवर घेऊनच मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात जावे. जीटीएक्स १०६० घेणाऱ्याने हेही जाणून घ्यावे की त्या पिढीसाठी एनव्हिडियाचे नवे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झाले असून, केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत.

आपल्या दैनिकाच्या माध्यमातून संगणक विक्रेत्यांना माझी दोन मागण्यांची विनंती आहे. कार्ड देण्यापूर्वी ग्राहकाकडून प्रोसेसरचे मॉडेल आणि एसएमपीएसवरील तक्त्याचे छायाचित्र मागून घ्यावे. मोबाइलमुळे हे दोन मिनिटांचे काम आहे. तसेच बिलावर कार्डाचे पूर्ण मॉडेल, मेमरीचा प्रकार आणि सिरियल नंबर लिहावा. ‘ग्राफिक्स कार्ड ४ जीबी, नग १’ एवढाच मजकूर असलेले बिल हातात असेल, तर आपल्याला सांगितलेले कार्ड वेगळे होते हे ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढे सिद्ध करणे ग्राहकाला फार अवघड जाते.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, नाशिक